दोन पूर्ण फेऱ्या

गाडी घेतली तेव्हा सर्व्हिसच्या पुस्तकात
साठ हजार मैलांचं पान कोरं होतं.
विकणाऱ्या सिस्टर थॉमिन्सननं खांदे उडवले:
टायमिंग बेल्ट? बदलला असेल. नवरा बघायचा ते.
नवरा जाऊन दोन वर्षं झालेली.

पोस्टलथवेट म्हणाले, ठाऊक नाही म्हणजे बदललेला नाही,
असंच धरायचं. तुटला की संपलं:
व्हॉल्व्ह खाली, पिस्टन वर, दोघं एका जागी एकाच वेळी,
आणि तुझे दोन पगार भंगारात.

म्हणून हा शनिवार. बॅरो-इन-फर्नेस,
गोदीमागची गल्ली, पत्र्याच्या दारावर
आयरिश समुद्राचं वारं धडका देतंय,
आणि मी उलट्या क्रेटवर, चहाचा मग दोन्ही हातांत.
माझं काम माणसांच्या आत बघायचं, न उघडता.
श्वास घ्या, धरा, सोडा,
एवढ्यावर फासळ्या पडद्यावर येतात.
यांना सगळं उघडावं लागतं.

चाक काढलं. इंजिनाखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा,
मग उजवीकडचा आधार सोडवला.
इंजिन जरासं कलंडून राहिलं,
दुखरी बाजू सांभाळत बसलेल्या माणसासारखं.
कव्हरचे सहा बोल्ट. सहावा गंजलेला;
त्याला पोस्टलथवेट बराच वेळ जे सांगत होते
ते मराठीत आणायला कोल्हापूरला जावं लागेल.

कव्हर निघालं. आतल्या बाजूला पिवळ्या मार्करनं:
एकसष्ट हजार चारशे. पाच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर.
खाली आर. पी., पी-ची शेपटी लांब ओढलेली.
तीच शेपटी खिळ्याला टोचलेल्या प्रत्येक बिलावर,
तीच मघाशी माझ्या पावतीवर.

ते बघत राहिले. टोपी मागं सारली.
"हे मीच केलंय."
वर पत्र्यावरून एक सीगल चालत गेला,
त्याची नखं ऐकू आली.

बेल्ट धडधाकट होता. दात शाबूत, पाठीवर भेग नाही.
"आता उघडलंच आहे," ते म्हणाले, "तर घालू नवा.
मजुरीचं नाव काढायचं नाही."
मी नाही काढलं.

मागं कधीतरी त्यांनीच सांगितलेलं:
बेल्ट एका दातानं सरकला
तरी गाडी चालते. थोडी थरथरते, चढाला दमते,
थंडीत सकाळी उशिरा जागी होते.
बाहेरून कळत नाही.
मालकाला वाटतं, वय झालं गाडीचं.

पांढऱ्या रंगाच्या खुणा, एक वरच्या चक्रावर, एक खालच्या.
पिना घालून दोन्ही जागच्या जागी बांधलेली.
नवा बेल्ट, नवा टेन्शनर, पाण्याचा पंपही, ओघानं.
"तारीख काय आज?"
सोळा, मी म्हणाले. त्यांनी कव्हरवर लिहिली.
पुस्तकात शिक्का मारायला म्हणून तेलकट हात पुसले.
"तारीख काय?"
मी काही न बोलता
कव्हर त्यांच्याकडे वळवून धरलं.

मग पिना काढून, चावीला हात न लावता,
लांब पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं.
दोन पूर्ण फेऱ्या. खुणा परत जागेवर आल्या तर बरोबर,
नाही आल्या तर सगळं पहिल्यापासून.
एक. दोन. आल्या.
पान्यावरचा हात तसाच राहिला.
"किती झाल्या?"

दोन, असं सांगता आलं असतं.
"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले. "पुन्हा फिरवा ना."

तिसरी. चौथी.
सिलिंडरांतली हवा
सावकाश सुस्कारत बाहेर पडली
आणि दोन्ही पांढऱ्या रेघा
जिथं यायच्या तिथं आल्या.